आखाडातलं माहेर

"पोटात पोर आलं ना, की डोक्यातला डोंगर आपोआप उतरतो, आई. एक पावसाळा जाऊ दे तिला." — असं म्हणाला विक्रांत. माझा नवरा. शब्द न् शब्द असाच. आणि रागाने नाही हं अक्षदा, हसत म्हणाला — पतंगाला ढील देताना पोरांचा आवाज कसा असतो, सैल, मजेतला, तसा. मला ऐकवायला म्हणाला असता तर भांडले तरी असते. पण ते माझ्यासाठी नव्हतंच, मी फक्त तिथे उभी होते. तू मघाशी टमटममध्ये विचारलंस ना, ताई, रडलात का म्हणून — तर नाही, रडले नाही, डोळ्यांत वारा गेला. म्हणजे वाऱ्याचंच आहे निम्मं. बस इथे. अगं गवतावर नको, दगडावर! धुकं असलं की पठारावर पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. घरटं जमिनीवर असतं, वाटीएवढं, गवताच्या जुडीला टेकलेलं — चप्पल पडली की संपलं, तुला कळणारसुद्धा नाही. धुकं उठेपर्यंत आपण दगड. पुष्कर सर अहवालात असं लिहीत नाहीत, पण फिल्डवर्कचा अर्धा भाग म्हणजे दगड होऊन बसणं. दुर्बीण जॅकेटच्या आत घाल, भिजेल. बोललं तर चालतं, हळू — घरटं त्या पलीकडच्या काळ्या खडकापाशी आहे, आणि तिला माझ्या आवाजाची सवय झालीये. तिला म्हणजे मादीला. तुरेवाला चंडोल. नर गातो, उडतो, खडकावर मिरवतो, अंड्यांवर बसते ती. असू दे, त्यावर मी काही बोलणार नाही.

तुला काय काय सांगू एका दिवसात? सॅक तू घेतलीस ते बरं केलंस, माझी पाठ — म्हणजे जरा धरलीये. ओढ्यावर तू उडी मारलीस आणि मी दगड धरून धरून उतरले, ते बघून हसलीस ना? हस. महिन्यापूर्वी मीही उडीच मारायचे. हां, तर दुसरा नियम — घरट्याकडे सरळ जायचं नाही. बाजूने जायचं, जवळून पुढे निघून जायचं, थांबायचं नाही, आणि लांबून वळसा घालून परत यायचं. कारण आपण चाललो की गवत दबतं, पायवाट होते, आणि मुंगूस काही मूर्ख नाही — ते पायवाटेने येतं. वाट घरट्याशी संपली की घरटंही संपलं. हे मला सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं आणि मी इथे अगदी काटेकोर पाळलं. खाली नाही पाळलं. खाली माझी वाट सरळ मम्मीच्या दारात जाऊन संपत होती, कुणीही यावं.

तुमच्या घरात आखाड पाळत नाहीत ना? बरंय, सुटलात. आमच्यात असतं — नव्या सुनेने पहिल्या आखाडात सासूचं तोंड बघायचं नाही. का? ते कुणालाच माहीत नाही. सासूबाई म्हणतात वाईट असतं, माझी मम्मी म्हणते पूर्वी पेरणीच्या दिवसांत पोरीला तेवढीच विश्रांती. कारण काही असो, महिनाभर सुनेने माहेरी जायचं. माझं माहेर कुठे? अंबरनाथ पूर्वेला. सासर हेंद्रेपाड्यात, बदलापूर पश्चिमेला. मधे एकही स्टेशन नाही. एवढ्यासाठी बॅग भरून, ओटी भरून, डोळे पुसून निरोप — सासूबाईंनी वाटेत खायला चिवडा दिला. वाटेत! चिवड्याची पुडी सोडेपर्यंत अंबरनाथ आलं.

पण मला तो आखाड देवासारखा पावला होता. ऐक, नीट सांगते. साताऱ्याच्या बाजूला जी पठारं आहेत ना, तिथे डोंगरमाथ्यावरच्या पक्ष्यांवर दोन वर्षांचं काम निघतंय. सरांच्या ओळखीतले लोक आहेत. मला घेतील, पण अट आहे एकच — एक पूर्ण वीण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हवी. मादी पहिली काडी उचलते तिथपासून पिल्लं घरट्यातून चालत बाहेर पडतात तिथपर्यंत. मधे खंड नको, दुसऱ्याचे डोळे नकोत. मी एमएस्सी करून अंबरनाथला लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, कारण जिथे जावं तिथे विचारायचे, अनुभव आहे का? अनुभव मिळतो कुठे? तर ज्याला अनुभव आहे त्याला. लग्नाच्या स्थळांचं बरं असतं, तिथे अनुभव नसलेलीच पाहिजे असते. तर मला स्थळ आधी मिळालं आणि पठार नंतर. वैशाखात लग्न, आणि पाऊस पडला तसा सरांचा फोन — येतेस का, चंडोल बसायला लागलेत. नवी सून पावसात डोंगरावर पक्षी बघायला जाते म्हणून हेंद्रेपाड्यात कोण सोडणार होतं? आणि मग विक्रांतच म्हणाला. हो, त्याचीच आयडिया ती! म्हणाला, अगं वेडी, आखाड आहे ना! आई तुझं तोंड बघणार नाही, मीपण यायचं नाही असा नियम, महिनाभर तू कुठे आहेस हे विचारायला येतंय कोण? मी त्याच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, ह्या माणसाला मी कळलेय.

पहिल्या दिवशी बाइकवरून पायथ्याला त्यानेच सोडलं मला. नियम मोडून. सॅक त्याच्या खांद्यावर, आणि त्याने विचारलं, हे पक्षी वाचले नाहीत तर काय होईल गं? मी म्हटलं, काही नाही, सकाळ जरा शांत होईल. तो खूप वेळ काही बोलला नाही. मला वाटलं विचार करतोय. असेल, विचारच करत असेल — मी आता त्या गप्प बसण्याचा वेगळा अर्थ लावते, एवढंच. ते दिवस आठवून आठवून आता भिजलेल्या वहीसारखे झालेत, अक्षर फुटलंय.

हा चुडा बघतेस ना? त्यावर क्रेप बँडेज का, हे तुला विचारायचंय केव्हाचं. लग्नाचा चुडा वर्षभर उतरवायचा नाही, सासूबाईंनी बजावलंय, आपोआप फुटेल तेवढा फुटू दे. आणि इथे किणकिणला तर पाखरू उठतं. म्हणून रोज पायथ्याला आले की पट्टी गुंडाळायची आणि उतरले की सोडायची. सर म्हणाले, हिरव्या आहेत म्हणून चालेल, लाल असत्या तर आवाज बांधूनही उपयोग नव्हता. सरांना वाटलं त्यांनी विनोद केला.

सर चांगले आहेत. पण एक सांगते, तुला कोणी सांगणार नाही आधी, मलाही नव्हतं सांगितलं. आपण बघायला आलोय, वाचवायला नाही. म्हणजे वाचवायलाच आलोय — पण वाचवणं खूप नंतर, कागदांवर, पुढच्या वर्षी, सरकार ऐकेल तेव्हा. आज हात लावायचा नाही. माझं पहिलं घरटं त्या उताराला होतं. पिल्लं झाली होती, नुसती चोच आणि लव, केसाळ आमसुलं असावीत तशी. आणि मग जो पाऊस लागला — तुमच्या उल्हासनगरात वालधुनीचं पाणी रस्त्यावर आलं होतं ना, तेव्हाचाच — उतारावरून पाण्याची एक बारीक धार फुटली आणि वाकडी होत होत बरोबर घरट्याच्या दिशेने निघाली. मी बघतेय. एक दगड सरकवला असता तर धार वळली असती. एक दगड, अक्षदा, नारळाएवढा. मी सरांकडे बघितलं, सरांनी मान हलवली — नाही. कारण मग ते घरटं पठाराचं राहत नाही, आपलं होतं. बरोबरच आहे. अजूनही बरोबरच वाटतं. मादी शेवटपर्यंत पंख पसरून बसून होती, पाणी तिच्या पोटाला लागलं तरी बसून होती. मग उठली. मी लिहिलं — पावसाने नष्ट. सर म्हणाले, नोंद छान झाली. घरी येऊन मी मम्मीला म्हटलं, आज भूक नाही. दुसरं घरटं कुणाच्या तरी कुत्र्याने खाल्लं. हे तिसरं. माझ्याकडे आता हेच, पहिल्या काडीपासून पाहिलेलं. पिल्लं परवा निघालीयेत अंड्यातून, आणि दिव्यांच्या अवसेला आखाड संपतो. हिशेब बसत नाही. पिल्लं चालायला लागतील तेव्हा श्रावण लागलेला असेल, आणि श्रावण लागला की सून घरात पाहिजे. शेवटचे थोडेच दिवस, पण तेच तर — तेच नसतील तर सगळा पावसाळा मी नुसती भिजले.

तू बघशीलच. म्हणूनच आलीयेस. पण मग ती वीण तुझी होईल, माझी नाही. अगं नाही, रडवेलं तोंड करू नकोस, तू काही हिसकावून घेतलेलं नाहीस. सरांना मीच सांगितलं, कोणीतरी सोबतीला पाठवा. का? — असंच. एकटीने घसरले-बिसरले तर.

हां, कापण्या. तो डबा उघड आणि खा, माझ्यापुढे नको, त्या बाजूला धर. वास. तळणीचा वास नको वाटतो मला हल्ली. हा डबा म्हणजे माझी सगळी कर्मकथा आहे. मला वाटलं होतं आखाडात सासरचं माणूस माहेरी फिरकत नाही — तोंड बघायचं नसतं ना. पण आखाड तळतात हे मी विसरले! सासूबाईंनी कापण्या तळल्या, माझ्या आवडीच्या, खसखस लावून, आणि स्वतः यायचं नाही म्हणून त्यांच्या भावाला पाठवलं. हिंदुराव मामा, विठ्ठलवाडीला असतात, बोलायला लागले की समोरच्याने जेवून घ्यावं. ते डबा घेऊन मम्मीच्या दारात. केतकी कुठाय? मम्मी म्हणाली, आंघोळीला गेलीये. का म्हणाली! देवळात म्हणाली असती, मैत्रिणीकडे म्हणाली असती — पण माझ्या मम्मीला खोटं बोलायची सवय नाही, जवळात जवळचं सुचलं ते बोलली. मामा बसले. चहा झाला. त्यांच्या गुडघ्याचं झालं, सोसायटीच्या पाण्याचं झालं, परत चहा झाला. बाथरूमचं दार त्यांच्या समोरच आणि सताड उघडं. शेवटी म्हणाले म्हणे, "ताई, पोरगी आंघोळीला अंबरनाथात गेलीये का काशीत?" आणि मम्मी रडायला लागली. मग काय, सगळं सांगितलं. मामा तरी काय वाईट नाहीत, म्हणाले, पक्षी? चिकन का? — आणि डबा ठेवून गेले. वाट घरट्याशी संपत होती, तुला म्हटलं ना.

मग फोनाफोनी. सासूबाई मला नाही बोलल्या, मम्मीलाही नाही. विक्रांतलाच विचारलं असणार, तुला माहीत होतं का. मी म्हटलं, आपण जाऊ. समोर जाऊन सांगू, की फसवायचं नव्हतं, एवढे थोडे दिवस द्या. आणि विक्रांतला मला — त्याला एक गोष्ट सांगायची होती. फोनवर सांगण्यासारखी नाही. खरं तर त्याच्यासाठीच गेले, बाकीचं निमित्त. ती गोष्ट कशी सांगायची हे मी इथे, ह्याच दगडावर बसून घोकलं होतं. म्हणजे नेमके शब्द नाही, आवाज. कसला आवाज लावायचा. हळू, कानाशी, की सहज भाजी चिरता चिरता. हसू येतं आता.

रविवारी इथून उतरले ती तशीच गेले, चिखलाच्या बुटांनी. हेंद्रेपाड्यात आमचं दुसऱ्या मजल्यावर. जिना चढले आणि लक्षात आलं, आखाड आहे, तोंड दिसायला नको. सासूबाई कितीही चिडलेल्या असू देत, तेवढं मला पाळायचं होतं त्यांच्यासाठी. दार अर्धवट लोटलेलं होतं. म्हणून मी बाजूला भिंतीला टेकून उभी राहिले, दम खाल्ला, आता हाक मारावी — विक्रांत, जरा बाहेर ये. उंबऱ्याजवळ त्याच्या चपला होत्या, एक सरळ, एक उलटी. उलटी मी पायाने सरळ केली. सवय. आणि आत सासूबाई विचारत होत्या — चिडून नाही गं, काळजीनेच — अरे पण हे किती दिवस चालायचं? पुढे साताऱ्याला जायचं म्हणतेय ती. आणि मग तो म्हणाला ते.

मी तुला सुरुवातीलाच सांगितलं ते. परत नाही म्हणत.

म्हणजे बघ, साताऱ्याचं मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, जाऊ की, मीपण बदली मागतो. आयडिया त्याची, बाइक त्याची. मला वाटत होतं तो माझ्याबरोबर चढतोय. तो खाली उभा राहून घड्याळ बघत होता. दुष्ट नाहीये तो. तेच तर अवघड आहे — दुष्ट असता तर सोपं होतं. त्याला खरंच वाटतं की हा पावसाळा म्हणजे त्याने मला दिलेली गंमत आहे. जत्रेत पोराला पाळण्यात बसवतात ना, तशी. फिरून खाली येईलच.

आणि तुला माहितीये, लग्न झाल्यापासून मी त्या घरात काय बोललेय? हो आई. आणते आई. असू दे, मी करते. तीन वाक्यांत घर चाललंय माझं. सासूबाईंची शेजारीण म्हणाली होती, सून मुकी मिळाली तुम्हाला, नशीबवान आहात. मी मुकी नाही, मी बघत असते. कोण आधी उठतं, कोण कुणाच्या ताटात वाढतं, कोण कधी गप्प होतं. हात लावायचा नाही, बघायचं. मला वाटायचं हेच माझं शिक्षण, तिथेही हेच चालवू. पण त्या जिन्यात पाणी माझ्याच पोटाशी आलं होतं, अक्षदा. आणि तिथे मान हलवायला सर नव्हते.

म्हणून मी बोलले. भिंतीला टेकूनच, आत न जाता, तोंड न दाखवता. मोठ्याने बोलले असणार, कारण वरच्या मजल्यावरचं दार उघडलं.

मग? मग काही नाही. आतला पंखा ऐकू येत होता. मग दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला. सासूबाईंचा. नुसता हात — तोंड नाही, बाईंनी तेव्हाही आखाड पाळला! चाचपडत चाचपडत हाताने माझं मनगट शोधलं. त्या दिवशी मी पट्टी सोडायची विसरले होते, घाईत. त्यांची बोटं पट्टीवरून फिरली, आत बांगड्या आहेत का ते बघितलं, सगळ्या आहेत हे कळलं, आणि मग हात तसाच राहिला. घट्ट. मी वाट बघत होते दुसऱ्या कुणाची. चपला माझ्या पायाशी होत्या, घालायलासुद्धा नको, अनवाणी चार पावलं — नाही आला. अजून फोनही नाही. मेसेज आलाय एक, जपून. एवढाच. पूर्णविरामासकट. सासूबाईंनी मात्र काल मामांच्या हाती परत हा डबा पाठवला. तळलेलं चालत नाही मला, त्यांना काय माहीत. म्हणजे — आता माहीत आहे त्यांना. पण तळून झालं असेल आधीच.

तू अशी बघू नकोस माझ्याकडे. दुर्बीण काढ. काढ, वारा फिरलाय. बघ, खाली अंबरनाथच्या कारखान्यांचा धूर दिसायला लागला, आणि ती निळी रेघ बारवी धरणाची. आता ह्या बाजूचं धुकंही उठेल. मी परत येईन की नाही अवसेनंतर, खरंच माहीत नाही. सर म्हणाले, तुझं तू ठरव, पण निसरड्यावर मी तुला एकटीला पाठवणार नाही. पायही आत्ताच भरून येतात. मी आले तर येईन, तुझ्या खांद्याला धरून येईन. नाही आले तर तू लिही, नीट लिही, आणि नाव तुझंच लाव, माझं नको. दया म्हणून नको.

मी काय म्हणाले ते? तुला तेच पाहिजे ना ऐकायला. अगं ती काही भांडायची गोष्ट नव्हती. ती मी त्याला द्यायला घेऊन गेले होते. दुसऱ्या आवाजात म्हणायची होती — आता जगात कुठेच तो आवाज लावता येणार नाही, ती एकदाच सांगायची गोष्ट असते. वाया गेली. नाही, वाया कशी जाईल, असं म्हणू नये. चूक झाली म्हणायला.

थांब. खाली बस. दिसला खडक? त्याच्या डाव्या हाताला, जुडीपाशी. तुरा दिसतोय. चोचीत अळी आहे तिच्या. आता ती आत जाईल, आणि मग एक शब्द नाही बोलायचा, उतरेपर्यंत. म्हणून आत्ताच सांगते, एकदाच. भिंतीकडे तोंड करून मी म्हटलं —

"पोर आलंय, विक्रांत. डोंगर उतरला नाही."